अटक झाली तर: बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा एक कागद घेऊन येतात. कागद कन्नडमध्ये असतो, खाली त्यांची मराठी सही असते, आणि वर काय लिहिलंय ते त्यांना माहीत नसतं. या पानावरची उत्तरं त्या सहीच्या आधी वाचायची आहेत.

कन्नड ही या राज्याची भाषा आहे. मी स्वतः कोर्टात कन्नड बोलतो, त्या भाषेशी माझं भांडण नाही. पण ज्याला कोठडीत घालायचं त्याला कारण समजलं पाहिजे, एवढं तर राज्यघटनाच सांगते. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी, बेळगाव शहर, तसंच कारवार-हल्याळ आणि बिदर-भालकीकडच्या मराठी घरांतून वर्षानुवर्षं जे प्रश्न आले ते इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे कलमं याच नव्या संहितेची आहेत.

ठाण्यातून फोन आलाय, ‘जरा येऊन जावा’ म्हणतात. जायलाच लागतं का?

नुसत्या फोनवर जाण्याची सक्ती नाही. लेखी नोटीस मागा आणि ती कोणत्या कलमाची आहे ते बघा. कलम ३५(३) ची असेल तर तुमच्यावर संशय आहे. कलम १७९ ची असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. हा फरक फार मोठा आहे. साक्षीदार म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी आरोपी झालेला मी पाहिला आहे.

३५(३) ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. रीतसर नोटीस मिळाली की मात्र जा. ठरलेल्या दिवशी हजर राहणाऱ्याला, अटक का हवी याची कारणं नोंदवल्याशिवाय पकडता येत नाही. न जाणाऱ्याच्या बाबतीत अटकेचा रस्ता मोकळा होऊ शकतो. शक्य असेल तर वकील बरोबर घ्या, नाहीतर निदान घरातलं कुणीतरी. नोटिशीचा फोटो काढून घरी ठेवा.

साक्षीदार जर बाई असेल, पंधरा वर्षांखालचा मुलगा असेल, साठीच्या वरचा पुरुष असेल, अपंग असेल किंवा फार आजारी असेल, तर पोलिसांनी घरी येऊन विचारायचं आहे.

चोवीस तास कधीपासून मोजायचे?

राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. रविवार असो, दसरा असो, सुट्टीचे मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. गरज पडली तर त्यांच्या घरी न्यायचं.

घोळ होतो तो घड्याळ कधी सुरू झालं यावरून. ‘अटक दाखवलेली नाही, नुसतं आणून बसवलंय’ हे वाक्य सीमाभागातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेलं असेल. कायद्यात ‘आणून बसवणं’ नावाचा प्रकार नाही. तुम्हाला उठून घरी जाता येत नाही त्या क्षणापासून तुम्ही अटकेत आहात, मग रजिस्टरमध्ये वेळ कुठलीही असो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे म्हटलं आहे. म्हणून घरच्यांनी पहिली गोष्ट करायची ती ही: माणूस किती वाजता, कुठून, कुणी नेला ते त्याच वेळी वहीत लिहून ठेवायचं. रस्त्यावरच्या दुकानात कॅमेरा असेल तर दुकानदाराला चित्रण जपून ठेवायला सांगायचं. ठाण्यातही कॅमेरे असलेच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते चित्रण राखून ठेवावं असा अर्ज पहिल्याच तारखेला करता येतो.

अटकेचं कारण मला मराठीत मिळेल का?

मिळालंच पाहिजे. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कारण सांगण्याचा नियम जुना आहे. कलम ४७ मध्ये तो आहे, राज्यघटनेतही आहे. पण ‘सांगितलं’ म्हणजे काय यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पोलीस म्हणायचे की तोंडी सांगितलं, आरोपी म्हणायचा की काही कळलं नाही, आणि रजिस्टरमध्ये ‘कारण समजावून दिले’ असं छापील वाक्य असायचं. १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्ध माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती आणि अधिकाऱ्याने तोंडी अर्थ सांगितला होता. न्यायालय म्हणालं, एवढ्याने भागत नाही, त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी द्या. हे प्रतिबंधक स्थानबद्धतेपुरतं, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबून ठेवण्यापुरतं होतं. साध्या अटकेला तोच नियम पूर्णपणे लागू व्हायला साठहून अधिक वर्षं गेली. २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात आणि २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात लेखी कारणांचा आग्रह धरला गेला, तो विशेष कायद्यांच्या गुन्ह्यांत. मग ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट सांगून टाकलं: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते जमण्यासारखं नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी, म्हणजे पुढे कोठडीत ठेवायचा आदेश घेण्यासाठी, मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

खटला मुंबईतल्या मोटार अपघाताचा होता. पण मला वाटतं, त्या निकालाची सगळ्यात जास्त गरज आपल्यासारख्या भाषेच्या सीमेवर राहणाऱ्यांना आहे. मॅजिस्ट्रेटनी ‘काही तक्रार आहे का?’ असं विचारलं की मराठीत, मोठ्या आवाजात सांगा: ‘साहेब, मला कारण माझ्या भाषेत लेखी मिळालेलं नाही.’ एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. वकील मागून अर्ज करेलच, पण हे वाक्य त्या दिवशीच्या नोंदीत यायला हवं.

एक स्पष्ट करतो. ज्याला कन्नड चांगलं वाचता येतं त्याने ‘मला येत नाही’ म्हणू नये. शाळेचा दाखला समोर आला की खोटं उघडं पडतं, आणि मग खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

कागद कन्नडमध्ये आहे आणि सही करायला सांगतात. काय करू?

वाचून दाखवायला सांगा, मराठीत अर्थ विचारा. तरीही दबाव आला तर सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: ‘मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचून दाखवलेला नाही’, खाली तारीख आणि वेळ. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागतच नाही. कायद्यानेच ती घ्यायची नाही असं म्हटलंय. अटकेच्या पत्रकावर मात्र सही लागते. त्यावर घरातल्या एकाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाचीही साक्ष हवी आणि अटकेची वेळ हवी. सही करण्याआधी ती वेळ बघा.

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगतो. बांधावरून मारामारी झाली होती. ठाण्यात त्याच्यासमोर तीन कागद ठेवले. त्याला वाटलं, आपण दिलेल्या तक्रारीच्या प्रती आहेत. सह्या केल्या. त्यातला एक पंचनामा होता, आणि त्यात लिहिलं होतं की कोयता लपवलेली जागा त्याने स्वतः दाखवली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्या एका सहीचा अर्थ कोर्टाला पटवून देण्यात आमची चार वर्षं गेली.

‘कबूल करून टाक, सोडून देतो’ म्हणतात.

कबूल करू नका. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. नाव-पत्ता खरा सांगा. गुन्ह्याबद्दल ‘वकिलांशी बोलल्यावर सांगतो’ म्हणा, तो गुन्हा होत नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, फक्त वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. नार्को चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तो २०१० चा निकाल कर्नाटक राज्याविरुद्धच्याच प्रकरणातला आहे.

माणूस कुठल्या ठाण्यात आहे तेच कळत नाही.

अटक केल्याबरोबर नातेवाइकाला कळवणं पोलिसांचं काम आहे. शिवाय प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटकेची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि नियंत्रण कक्षात नावं लावायची असतात. बेळगावात एक गोष्ट लोक विसरतात: शहर आणि आसपासचा भाग पोलीस आयुक्तांकडे आहे, बाकी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. दोन्हीकडे विचारा. माणूस शहरातल्या खडेबाजारातून उचलला आणि तुम्ही जिल्ह्याच्या कक्षात फोन करत बसलात तर दिवस जातो. ११२ वर फोन केला की त्याची नोंद राहते, तोही करा.

चोवीस तास उलटले आणि पत्ता नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे ‘माणसाला कोर्टापुढे हजर करा’ अशी मागणी, करता येते. बेळगाव आणि कारवारकडच्यांसाठी ते धारवाड खंडपीठ, बिदर-भालकीकरांसाठी कलबुर्गी. बंगळुरूपर्यंत जावं लागत नाही.

मारहाण झाली तर?

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी करायची असते, आणि बाईची तपासणी बाई डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. डॉक्टरला प्रत्येक वळ, प्रत्येक सूज दाखवा. पोलीस शेजारी उभा असेल तर बाहेर थांबायला सांगा, अशी विनंती करा. तिथे बोलणं जमलं नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर सांगा आणि अंगरखा वर करून दाखवा. लाज वाटते, घाबरायला होतं, हे मला ठाऊक आहे. पण दोन दिवसांनी वळ फिके पडतात आणि मग कागदावर काहीच उरत नाही. तपासणीच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

बेड्या सरसकट घालता येत नाहीत. खून, बलात्कार, अमली पदार्थ, सराईत किंवा कोठडीतून पळालेला गुन्हेगार अशा ठरावीक प्रकारांतच नव्या संहितेने मुभा दिली आहे. शेतीच्या भांडणातल्या माणसाला बेड्या घालून गावातून फिरवणं बेकायदा आहे.

बाईला रात्री नेता येतं का? मुलाला? म्हाताऱ्याला?

सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला लगेच घेऊन जा, कारण वय अंदाजाने अठरा लिहिलं की सगळी वाटच बदलते. साठीच्या वरच्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

१ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, किंवा मेळाव्याच्या आदल्या दिवशी पोरांना उचलतात. ते कायदेशीर आहे का?

गुन्हा होण्याआधी, तो टाळण्यासाठी म्हणून कलम १७० खाली पकडता येतं, हे खरं. पण त्याची हद्द चोवीस तास. त्यापुढे ठेवायचं तर दुसऱ्या कायद्याचा आधार दाखवावा लागतो. अशा अटकेतही कारण सांगणं, घरी कळवणं, वकील भेटू देणं चुकत नाही.

मोर्चानंतर जे गुन्हे लागतात त्यांत फरक करायला शिका. जमावबंदी मोडली किंवा बेकायदा जमावात होता, एवढंच असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे आणि जामीन हा तुमचा हक्क आहे. आदेश मोडल्याच्या खटल्याची दखल संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्ट घेत नाही. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या वेगळ्या कायद्याचं) कलम १९६ लागलं तर मात्र ते अजामीनपात्र आहे. त्यात खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, पण अटक त्याआधी होऊ शकते. पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घोषणेचा गुन्हा सहसा लवकर निस्तरतो, मोबाइलवर पुढे ढकललेल्या मजकुराचा तितक्या लवकर नाही. नोकरीच्या चौकशीत तोच आडवा येतो.

गुन्हा कागल किंवा चंदगडला दाखल आहे आणि मी राहतो निपाणीत. मग?

आपल्याकडे हे रोजचंच आहे. शेत एका राज्यात, सासुरवाडी दुसऱ्या. महाराष्ट्राचे पोलीस इथे येऊन अटक करू शकतात, पण ती इथल्या पोलिसांना कळवून. आणि चोवीस तासांत मूळ कोर्टात नेणं शक्य नसेल तर इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून प्रवासापुरता रिमांड घ्यावा लागतो. तिथेही तुमचा वकील उभा राहू शकतो.

अटकेची भीती असेल तर इथल्याच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मर्यादित काळाचा अटकपूर्व जामीन मागता येतो, म्हणजे मधल्या दिवसांत कोल्हापूरच्या कोर्टात रीतसर अर्ज करता येईल. २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी केली.

उलट बाजूने, तुमच्यावर अन्याय झाला असेल तर कोणत्याही ठाण्यात ‘झिरो’ एफआयआर देता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

गोव्याहून येताना चोर्ल्याच्या रस्त्यावर बाटल्यांसकट पकडलं. तिथे पोलीस नव्हते, अबकारीवाले होते.

हक्क तेच. चोवीस तास, कारण, वकील, सगळं लागू. जप्तीच्या पंचनाम्यात बाटल्यांची संख्या मोजून घ्या. वाहन सोडवायचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो उशिरा करू नका.

जामीनदार कुठला चालतो? मामा गडहिंग्लजचा आहे.

चालतो, चालला पाहिजे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन सांगितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. दुसऱ्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा म्हणून जामीनदार नाकारता येत नाही. तरी व्यवहारात महाराष्ट्राचा सातबारा बघून कारकून कपाळाला आठी घालतो, कारण त्याला इथली पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, ओळखीची असते. सातबारा ताजा असू द्या, आधार आणि फोटो जोडा, आणि अर्जात मोतीराम निकालाचा उल्लेख करायला वकिलाला सांगा. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या अनोळखी माणसाच्या नादाला लागू नका. त्याचे कागद खोटे निघाले तर तुमचा जामीन जातो.

जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार मिळालाच नाही, तर तुम्ही गरीब आहात असं धरून स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायचं, असं कलम ४७८ सांगतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुळात अटकच का केली, याचं उत्तर पोलिसांनी लेखी द्यायचं असतं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने ते बंधन घातलं.

दोषारोपपत्र येतच नाही. किती दिवस आत ठेवणार?

साधारण साठ दिवस. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नव्वद. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. दिवस बोटावर मोजा, एकसष्टाव्या सकाळी अर्ज तयार हवा. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच, मात्र नव्या संहितेत ती तुकड्यांतही मागता येते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टात आहे, तालुक्याला समिती आहे, फोन १५१००. अर्जात ‘मराठी समजणारा वकील द्यावा’ असं लिहा. बेळगाव बारमध्ये मराठी वकिलांची वाण नाही.

खटला कन्नडमध्ये चालला तर मला काय कळणार?

कोर्टाची भाषा राज्य ठरवतं, ती इथे कन्नड. पण तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत साक्ष चालली तर ती भर कोर्टात तुमच्या भाषेत समजावून सांगायची, असं कलम ३१४ म्हणतं. मागितल्याशिवाय हे क्वचितच होतं, म्हणून मागा. निकालाची प्रत शक्य असेल तर तुमच्या भाषेत भाषांतर करून मागण्याचा हक्क कलम ४०४ मध्ये आहे. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते.

जामीन मंजूर झाला, पण माणूस अजून हिंडलगा जेलमध्येच आहे.

जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायचा, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवून दिलं आहे. अधीक्षकांची वाट बघू नका. आठव्या दिवशी स्वतः सचिवांकडे अर्ज द्या: कैद्याचं नाव, गुन्हा नंबर, जामिनाची तारीख, आणि कशासाठी अडकलाय ते, म्हणजे जामीनदार नाही की रक्कम जास्त आहे. त्यावरून अटी सैल करण्याचा अर्ज कोर्टात जातो. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो, राज्यघटनेचं कलम ३५० त्यासाठीच आहे. पोच घ्यायला विसरू नका.